मुसकं आणि वजडी

नांदे गावात वासराचं मुसकं विणावं ते रंभाबाईनंच. काथ्याची बारीक दोरी, सारख्या गाठी, आणि तोंडाला असं चपखल बसायचं की माती सोडाच, गवताची काडीही आत जायची नाही. वासरानं माती खाल्ली की पोट बिघडतं, म्हणून दूध पिऊन झालं की लगेच मुसकं. हे तिच्या सासूनं शिकवलेलं, आणि सासूचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ.

फक्त सासूच्या काळी दुपारी मुसकी निघायची आणि वासरं गायींमागं माळावर जायची. आता माळावर बारा मजली इमारती आहेत. रंभाबाईचा गोठा उरलाय तो भाड्याच्या खोल्यांच्या मागं, त्यामुळं वासरं दिवसभर दाव्याला आणि मुसकं दिवसभर तोंडाला. हा फरक तिच्या ध्यानातच आला नव्हता.

गेल्या दोन वर्षांत तिच्या दोन कालवडी गेल्या. दोन्ही दूध तोडल्यावर, वाळून वाळून. रंभाबाईनं खापर फोडलं ते रेश्मावर. पहिल्या खोलीतली ही भाडेकरीण येता-जाता गोठ्यापाशी थांबून वासरं बघायची. हिचीच नजर लागली म्हणून रंभाबाईनं तिच्याशी बोलणंच टाकलं.

यंदा गाय व्याली आणि तीन आठवड्यांत साप चावून मेली. मागं राहिली तिची कालवड, चिंगी. ही जगली तर गोठा राहील, नाही तर तिथं आणखी दोन खोल्या काढायच्या, असं मुलानं, कैलासनं, सांगून टाकलं. रंभाबाईनं शेजारच्या गोठ्यातलं दूध आणून बाटलीनं पाजलं, तळहाताच्या फोडासारखं जपलं. तरी तिसऱ्या महिन्यात केस राठ झाले, फासळ्या दिसू लागल्या. मग मुकाट्यानं तिनं गुरांच्या डॉक्टरला बोलावलं. पौडहून जान्हवी नावाची तरुण डॉक्टरीण आली.

"खायला काय देता?"

"दूध. आठवडा झाला कडबा टाकतीया, पर तोंड लावंना."

"त्याआधी?"

"आधी कसं खाईल? मुसकं हाय की."

जान्हवीनं चिंगीच्या कुशीवरून हात फिरवला. "आजी, तुमच्याकडे वजडी करतात?"

वासरू मरायला टेकलंय आणि हिला वजडी सुचतेय, असं रंभाबाईच्या मनात आलं. "जत्रंला करतो की."

"धुताना हाताला कशी लागते?"

"खरखरीत. टावेलावानी."

"आणि दूधपित्या करडाची?"

रंभाबाईनं बोटं एकमेकांवर चोळली. चाळीस वर्षं तिनं बोकडाची वजडी, म्हणजे पोटाची पिशवी, घासली होती. कोवळ्या करडाची गुळगुळीत असते, हे बोटांना पाठ होतं. का, हे मात्र तिनं कधी विचारलं नव्हतं.

"गाईला चार पोटं," जान्हवी सांगू लागली. "दूध थेट चौथ्यात जातं. ते जन्मतःच तयार असतं. त्याच्या अस्तरातल्या पेशी नव्या बनतात तेव्हा सारख्याच असतात, मग जागेवरून सरकता सरकता कामं वाटून घेतात. कुणी आंबट रस करते, कुणी दूध गोठवणारा, कुणी अस्तर जपणारा चिकट लेप. पण चारा पचवणारं पहिलं मोठं पोट कोरंच असतं. त्यात थोडा भरडा, म्हणजे जाडसर दळलेला दाणा, गेला, आंबला, की त्या आंबटपणावर अस्तर वाढतं आणि टॉवेलासारखे धागे फुटतात. दाणाच गेला नाही, तर त्या पेशींना आपलं काम कळणार कसं? नुसत्या कडब्यानंही भागत नाही."

"म्हंजी त्या दोघी..."

जान्हवीनं होकारार्थी मान हलवली. रंभाबाईला कळून चुकलं. तिनंच दोघींची पोटं कोरी ठेवली होती. तिनं चिंगीचं मुसकं सोडून कंबरेला खोचलं.

त्या दिवसापासून मूठभर भरडा, बादलीभर ताजं पाणी, आणि दूध एकदम न तोडता हळूहळू कमी. पहिले चार दिवस चिंगी भरडा नुसता नाकानं उडवायची. रंभाबाई तो बोटानं तिच्या जिभेवर ठेवायची आणि शिव्या द्यायची. सव्वा महिन्यानं एका सकाळी चिंगी खाली बसली, मान जराशी लांबवली आणि तोंडात काही नसताना चघळू लागली. रवंथ करत होती ती. रंभाबाईला रडू आलं, तिनं ते येऊ दिलं.

मग पदरानं तोंड पुसून ती पहिल्या खोलीशी गेली. रेश्मानं दार उघडलं आणि म्हातारी काय बोलते म्हणून दारातच उभी राहिली.

"माझ्या कालवडी तुझ्या नजरंनं न्हाई गेल्या," रंभाबाई म्हणाली. "माझ्या मुसक्यानं गेल्या. चल गोठ्यात. चिंगीला डोळं भरून बघ."