चार्ट पेपरवरचं ब्युरेट

बारावीची रसायनशास्त्राची प्रात्यक्षिक परीक्षा सोमवारी, आणि त्याच्या आदल्याच आठवड्यात मला शनिवारपर्यंत पाच दिवस अमरावतीला प्रशिक्षणाला बसवलं. तारखा ठरवणाऱ्याच्या डोक्यात भुसा भरला होता की काय, देव जाणे! तिकडे दर्यापूरला माझ्या पोरींचं टायट्रेशन, म्हणजे रंग बदलेपर्यंत थेंब-थेंब द्रावण सोडून मोजायचा प्रयोग, राहिलं होतं. त्यासाठी लागणारं ब्युरेट, ती खाली तोटी असलेली काचेची नळी, त्यांनी फक्त पुस्तकातल्या चित्रात पाहिलेलं.

विषय काय, तर ‘कृतीतून रसायनशास्त्र’. पहिल्या दिवशी दीपप्रज्वलन, सत्कार, हजेरीचा फोटो. चहा झाला की पुन्हा फोटो. अभिप्रायाचा फॉर्म तर शिकवायला सुरुवात व्हायच्या आधीच भरून घेतला. प्रशिक्षण अत्यंत उपयुक्त वाटले म्हणे! तिसऱ्या दिवशी तज्ज्ञ सर म्हणाले, “आता प्रत्यक्ष कृती.” मी पदर खोचून उठले, तर त्यांनी चार्ट पेपर वाटले आणि ब्युरेटचं चित्र काढायला सांगितलं. वीस-वीस वर्षं शिकवणारी आम्ही माणसं स्केचपेनसाठी भांडत होतो. अकोल्याचे एक सर माझ्या चित्रात डोकावून म्हणाले, “मॅडम, तोटी काढा न, सारं गळून राहिलं!”

तेवढ्यात फोन आला. माझ्याच वर्गातली पोरगी. “मॅडम, प्रयोगशाळेच्या कपाटाले कुलूप हाये. आमी काय करावं?”

चावी माझ्या पर्समध्ये होती. पोरी काचसामान फोडतील म्हणून ती मी कोणाच्या हाती देतच नाही. ही खोड माझी, सरकारची नाही. मी समन्वयकांकडे गेले, एक दिवस सोडा म्हटलं.

“जा न मॅडम, कोण अडवून राहिलं? पण मग प्रमाणपत्र भेटणार नाही.”

प्रमाणपत्र नाही तर वरिष्ठ वेतनश्रेणी नाही. कुलूप तोडा, असंही सांगता आलं असतं. पण काच फुटली तर जाब मलाच द्यावा लागणार. मी पोरीला म्हटलं, “पुस्तकातलं नीट वाचून ठेव,” आणि मुकाट्याने चित्रात तोटी काढली.

सोमवारी बाहेरगावचे परीक्षक आले. फोन करणाऱ्या त्याच पोरीने ब्युरेट भरलं आणि थेंब-थेंब सोडायच्या ऐवजी तोटी पुरी उघडली. फिकट गुलाबी यायला हवं तिथे फ्लास्क गर्द जांभळा झाला. परीक्षक वैतागले. “तुझ्या मॅडमनी शिकवलं नाही का गं हे?”

तिने एकदा माझ्याकडे पाहिलं.

“शिकवलं, सर. मीच इसरली.”

मी बाजूलाच उभी होते.