यल्लाप्पाची वीस सेकंदं

"आधी आवाज बंद करा. माणूस दिसू द्या."

महानंदाबाईंचं हे वाक्य सर्जापूर रोडवरच्या त्या सोसायटीत सगळ्यांना पाठ झालं होतं. बाई मूळच्या अथणीकडच्या. घरात मराठी, गल्लीत कन्नड, दोन्ही भाषा दोन हातांसारख्या. पुण्या-नागपुराहून नोकरीला आलेल्या पोरापोरींना त्या दर रविवारी सकाळी क्लबहाउसात कन्नड शिकवायच्या. पुस्तक नाही, फळा नाही. भाजीवाली, रिक्षावाला, बसचा कंडक्टर, अशांच्या, आपल्या फोनवर घेतलेल्या वीस-वीस सेकंदांच्या क्लिपा प्रोजेक्टरनं भिंतीवर लावायच्या. पहिल्यांदा मुक्या. माणूस काय म्हणतोय ते तोंडावरून, हातांवरून ओळखायचं. आवाज मागून.

सगळ्यांत गुणी क्लिप यल्लाप्पाची. फाटकाशी शहाळी विकणारा हा साठीचा माणूस बोलताना अडखळायचा. शब्द ओठाशी येऊन थांबे, तोवर त्याचे हात बोलून मोकळे होत. पाणी हवं की मलई, मलई पातळ की जाड, सगळं बोटांत. बाईंनी क्लिप मागितली तेव्हा त्यानं दोनदा नकारार्थी मान हलवली. तिसऱ्यांदा म्हणाला, तुझ्या शब्दावर देतो अक्का, वर्गाबाहेर जाऊ देऊ नकोस. बाईंनी शब्द दिला.

त्या रविवारी बाई फाटकाशी आल्या आणि यल्लाप्पानं तोंड फिरवलं. वॉचमन शिवकुमारनं गुपचूप आपला फोन पुढे केला. क्लिप तीच होती. कुणीतरी नेमकं अडखळणं तेवढं कापून, पुन्हा पुन्हा जोडून त्याखाली ढोल वाजवला होता. सोसायटीच्या ग्रुपवरून ती कुठे कुठे गेली होती. सकाळपासून तीन गिऱ्हाइकं त्याच तालावर शहाळं मागून गेली, असं शिवकुमार म्हणाला. हे काम बाईंच्याच वर्गातल्या अद्वैतचं, हेही त्यानं सांगितलं.

क्लबहाउसाचा जिना चढताना बाईंची कानशिलं तापली होती. अद्वैतचा राग होताच, त्याहून मोठा राग स्वतःचा. सरावाला म्हणून ती क्लिप वर्गाच्या ग्रुपवर त्यांनीच टाकली होती. ग्रुप म्हणजे वर्गच, असं त्या धरून चालल्या होत्या.

अद्वैतनं काही लपवलं नाही. "मॅडम, चिल. उलट फेमस केलं मी त्याला. धंदा वाढेल."

दोघंतिघं हसली. बाईंनी फोन काढून अद्वैतच्या तोंडासमोर धरला आणि तसाच धरून ठेवला. वीस सेकंद. मग ती क्लिप भिंतीवर लावली, मुकी. हसू आधी ऐटीत होतं, मग ओठाच्या एका कोपऱ्यात अडकलं. नजर आधाराला इकडेतिकडे फिरली. गळ्याची घाटी वरखाली झाली.

"ओळखा. हा माणूस काय म्हणतोय?"

मागच्या रांगेतली स्वानंदी म्हणाली, "घाबरलाय."

"बरोबर. पुढच्या रविवारी हेब्बाळच्या माझ्या दुसऱ्या वर्गात दाखवीन म्हणते. खाली ढोल लावून."

"मॅडम, प्लीज डिलीट करा. मी परवानगी दिली नव्हती."

"यल्लाप्पानं दिली होती. मला. तुला नाही." बाईंनी त्याच्या डोळ्यांदेखत क्लिप पुसली. "तुझी गेली. त्याची मी कुठून कुठून पुसू?"

मग त्यांनी त्याला सांगितलं, खाली जा, यल्लाप्पासमोर उभा राहा आणि चुकलं म्हण. कन्नडमध्ये म्हण. दोन महिने तेच तर शिकवलंय.

अद्वैत जागचा हलला नाही. खूप ऑकवर्ड होईल, एवढंच पुटपुटला.

"मग भाषा कशाला हवी होती रे तुला? त्याच्याकडून चाकरी करून घ्यायला?"

बाईंनी प्रोजेक्टर बंद केला, वायर गुंडाळून पिशवीत टाकली. वर्ग संपला, आता पुन्हा भरणार नाही, असं सांगून त्या खाली उतरल्या.

यल्लाप्पा शहाळ्यांच्या ढिगाशी बसला होता. "अण्णा, शब्द मोडला. मीच मोडला." यल्लाप्पानं वर पाहिलं. एरवी एवढ्यात त्याची बोटं हवेत काहीतरी लिहून गेली असती. आज दोन्ही हात मांडीवर मेल्यागत पडून होते. ओठ थरथरले, थांबले, पुन्हा थरथरले. फार वेळानं एकच शब्द निघाला. जा.

बाई वळल्या. ताठ मानेनं, धुळीतून, बसथांब्याकडे चालू लागल्या. वर क्लबहाउसाच्या काचेला सगळा वर्ग चिकटला होता, त्यात अद्वैतही. खाली यल्लाप्पा, हात न हलवता, त्या दिसेनाशा होईपर्यंत पाहत राहिला.