रक्ताचा माग काढणाऱ्या मॅडम

"परत बघू," असं म्हणून मॅडम काचपट्टी पुन्हा सूक्ष्मदर्शकाखाली सरकवायच्या. रिपोर्ट चांगला असो की वाईट, पहिल्या नजरेवर त्यांचा विश्वास नसे. आम्ही घड्याळाकडे बघायचो. त्या भिंगावरून डोळा न काढता म्हणायच्या, "भाऊ, तुम्ही जेवून घ्या. माझं व्हायचंय."

मी धुळ्याच्या एका रुग्णालयात रक्ततपासणी करतो. मॅडम मूळच्या फैजपूरकडच्या, केळीच्या बागायतदार घरातल्या. बाजारातलं पावडरीने पिकवलेलं केळं त्या लांबूनच ओळखायच्या आणि आम्हालाही खाऊ द्यायच्या नाहीत. मुंबईत त्या रक्ताच्या कर्करोगावर संशोधन करत आणि खान्देशातले रुग्ण तपासायला दर महिन्याला आमच्याकडे येत. रुग्णाच्याच रक्तातल्या लढाऊ पेशी काढायच्या, कर्करोगाची पेशी कशी ओळखायची ते त्यांना प्रयोगशाळेत शिकवायचं आणि परत त्याच्या अंगात सोडायच्या, असं ते काम.

शिंदखेड्याचे नाना लग्नाच्या बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवायचे. केमोथेरपी होऊनही त्यांचा आजार उलटला होता. मॅडमनी नव्या उपचाराचं सांगितलं तेव्हा त्यांची बायको, अक्का, घाबरल्या.

"म्हंजे आमना मानूसवर प्रयोग करतस का?"

"हो अक्का, प्रयोगच शे." मॅडमची अहिराणी मोडकी होती, पण अक्कांशी त्या जमेल तेवढी तीच बोलत. "गुण ईच, आसं मी सांगणार नही. काय काय व्हऊ शकस, ते बठ्ठं सांगस."

नानांचा प्रश्न वेगळाच होता. "बाई, लगनमा वाजाडता येई का?"

"आधी मोठा ताप येईल, नाना. त्यातून बाहेर या, मग सांगते."

मुंबईत उपचार झाले. ताप आला, आणि तो इतका की नाना अक्कांनाही ओळखेनात. मॅडम वॉर्डातून हलल्या नाहीत. हळूहळू ताप उतरला, रक्त स्वच्छ दिसू लागलं आणि त्या उन्हाळ्यात नाना लग्नांत वाजवू लागले. एका वरातीला मॅडम गेल्या होत्या. सगळे नाचत होते. या मात्र कडेला उभ्या राहून नानांच्या फुगलेल्या गालांकडे बघत होत्या.

पुढच्या लगीनसराईआधी आजार परतला. मॅडमनी काचपट्टी पुन्हा पुन्हा बघितली, मग नानांच्या खाटेशी बसून सरळ सांगितलं.

"तुमन्या शिकाडेल पेशी मरी ग्यात का?" नानांनी विचारलं.

"नाही. जिवंत आहेत. पण त्यांना आता कर्करोग सापडत नाही. का, ते मला माहीत नाही."

नानांनी बाही वर सरकवली. "मंग मनं रगत ठी ले, बाई. पुढला मानूसले कामे ई."

नाना गेले. दशक्रिया झाल्यावर मॅडम शिंदखेड्याला गेल्या; मीही सोबत होतो. नानांनी रक्त ठेवून घ्यायला संमती दिली होती, तरी ते संशोधनासाठी नेऊ का, असं मॅडमनी अक्कांना पुन्हा विचारलं.

"त्यासनी दिधं ना? लई जा," अक्का म्हणाल्या. "पन ते का गयात, ते माले येईसन सांगा."

"सांगेन."

त्याला फार काळ लागला. प्रयोग फसत गेले. हा नाद सोडा, असं सोबतच्यांनी सुचवलं. मॅडम नव्याने मांडणी करून पुन्हा सुरुवात करत. शेवटी त्यांना उत्तर सापडलं आणि आम्ही परत अक्कांच्या ओट्यावर जाऊन बसलो.

"ज्या खुणेवरून कर्करोगाची पेशी ओळखू येत होती, ती खूणच तिने पुसून टाकली होती," मॅडम म्हणाल्या. "आता आम्ही लढाऊ पेशींना दोन खुणा शिकवतोय. एक पुसली तरी दुसरी राहील."

अक्का खाली बघत म्हणाल्या, "मी त्यासले वाजाडू दिधं. धूळमा, उनमा. म्हनीसन उलटना का?"

"नही अक्का. वाजवलं म्हणून नाही. तुम्ही थांबवलं असतं, तरी हेच झालं असतं."

अक्कांनी पदर तोंडावर घेतला आणि खूप रडल्या. मॅडमनी त्यांना थांबवलं नाही. शेजारी बसून राहिल्या.

आता मॅडम धुळ्याला येत नाहीत. दोन खुणांच्या पेशींचा उपचार मुंबईत सुरू झाला आहे आणि त्या तिथेच असतात. आमच्याकडे दुसरे डॉक्टर येतात. तेही चांगले आहेत, वेळेवर जेवतात.

शेवटच्या खेपेला मी मॅडमना बसस्थानकावर सोडायला गेलो होतो. नव्या रुग्णांच्या नमुन्यांची थंड पेटी वर ठेवायला कंडक्टरने हात पुढे केला. त्यांनी दिली नाही. मांडीवर घेऊन, दोन्ही हातांनी धरून बसल्या. गाडी निघाली, मी हात हलवला. त्यांनी नुसती मान हलवली. हात मोकळा नव्हता.