खड्ड्याचं पाणी

दवाखान्यात वायरमन म्हणून लागलो तेव्हा मी चोवीस वर्षांचा होतो, आणि पहिल्या सहा महिन्यांतच माझं डोकं फिरलं. एकोणीसशे सत्तरच्या दशकातली मधली वर्षं होती. वर्धा जिल्ह्यातल्या एका गावचा तीस खाटांचा दवाखाना. नाव लिहीत नाही. लाईन दिवसातून चारदा जायची, आणि यायची तीही अशी मरतुकडी की ऑपरेशनच्या खोलीतला दिवा कंदिलासारखा पिवळा जळायचा. जी काय लाईन असेल तिच्यावर मग अख्ख्या दवाखान्याचा संसार. सिस्टर लोक सुया उकळायच्या भांड्यात अंडी उकळायच्या. पेशंटचे नातेवाईक घरून शेगडी आणायचे, तिच्या दोन उघड्या तारा व्हरांड्यातल्या प्लगमध्ये काडेपेटीच्या काड्यांनी खोचायचे आणि निवांत वरण शिजवायचे. फ्यूज उडाला की दवाखान्याचे मोठे डॉक्टर मला बोलावून म्हणायचे, तुझी तार बारीक आहे, जाड घाल. मी सांगायचो, साहेब, ती बारीक आहे म्हणून ती जळते, दवाखाना जळत नाही. ते म्हणायचे, मला शिकवू नको. दर आठवड्याला हेच.

या सगळ्या कटकटीत माझं एक काम कोणाला दिसत नव्हतं. इमारतीच्या मागे अर्थिंगचा खड्डा होता. कोळसा आणि मीठ भरून त्यात लोखंडी पाइप पुरलेला. एखाद्या यंत्राच्या पत्र्यात करंट उतरलाच, तर तो माणसाच्या अंगातून न जाता या पाइपातून जमिनीत जावा आणि तिकडे फ्यूज उडावा, यासाठी. पण त्याला जमीन ओली लागते. आमची काळी माती. एप्रिलमध्ये तिला अशा भेगा पडतात की कोपरापर्यंत हात आत जावा. म्हणून उन्हाळाभर रोज दोन बादल्या पाणी खड्ड्यात टाकायचं आणि मीटरच्या खोलीतल्या तक्त्यावर त्या तारखेपुढे खूण करायची, असा नियम होता.

खूण मी रोज करत असे. पाणी टाकत नसे. पहिल्या उन्हाळ्यात पंधरा दिवस टाकलं. विहीर लांब, ऊन हे असं, आणि जमिनीला पाणी पाजणारा माणूस म्हणून लोक हसायचे. सोडून दिलं. दोन वर्षं काही झालं नाही. का झालं नाही, हा प्रश्न मी स्वतःला विचारला नाही.

काही झालं नाही याचं कारण एक बाई होती. हिंगणीकडची, रोजंदारीवर फरशी पुसणारी, माझ्याहून दहा-बारा वर्षांनी मोठी. तिला सगळे मावशी म्हणत, मीही म्हणायचो. वॉर्ड पुसून झाले की बादल्या खळबळून ते पाणी ती मागे नेऊन खड्ड्यावर ओतायची. तिथं तिनं धोपा लावला होता. धोपा म्हणजे अळू. मे महिन्यात सगळं गाव भाजून निघत असताना आमच्या अर्थिंगवर सुपाएवढी हिरवी पानं असायची आणि सिस्टर लोकांच्या डब्यांत वड्या.

तिसऱ्या उन्हाळ्याच्या तोंडाशी मोठे डॉक्टर फिरत फिरत मागे आले. तो वाफा पाहून चार लोकांसमोर मला म्हणाले, शेती करायची असेल तर राजीनामा दे. लोक हसले. मी राग मावशीवर काढला. धोपा मुळासकट उपटून फेकून दिला. ती हातातलं फडकं टाकून आली.

"भाऊ, तुमच्या खड्ड्याले पाणीच लागते ना? मंग मी टाकून राह्यली तं तुम्ही काऊन खवळता?"

मी आवाज चढवला. लाइटच्या कामात तुझं काय काम, असं बरंच काही बोललो. दुसऱ्या दिवशी गवंड्याकडून खड्ड्याभोवती विटांचं कडं बांधून घेतलं, वर लोखंडी झाकण बसवलं आणि झाकणाला कुलूप. किल्ली माझ्या खिशात. मोठे डॉक्टर म्हणाले, हे असं पाहिजे. तीन वर्षांत त्यांनी माझं केलेलं ते पहिलं कौतुक.

बायकांच्या वॉर्डात पत्र्याचा एक कुलर होता, वाळ्याच्या पडद्यांचा, कोणीतरी देणगी दिलेला. त्यात पाणी भरणं मावशीकडे. मेमधल्या एका सकाळी ती मीटरच्या खोलीच्या दारात येऊन म्हणाली की कुलरला हात लावला की मुंग्या येतात. मी तेव्हा ऑपरेशनच्या खोलीचा फ्यूज सकाळपासून तिसऱ्यांदा बांधत होतो. म्हटलं, चप्पल घालून भरत जा. ती म्हणाली, वॉर्डात चप्पल घालू देत नाहीत, पाटी लावली आहे. तेही खरंच होतं. मी म्हटलं, मग पाटी लावणाऱ्याला जाऊन सांग, माझं डोकं खाऊ नको.

मुंग्या येणं म्हणजे काय, हे त्या इमारतीत एकट्या मला कळत होतं.

तिसऱ्या दिवशी भर दुपारी ती कुलरला चिकटली. सिस्टरनं धावत जाऊन प्लग ओढला म्हणून जीव वाचला. मी पोचलो तेव्हा ती ओल्या फरशीवर पडली होती, उजवा तळहात भाजलेला. शुद्धीवर होती. मी लांबूनच पाहिलं आणि मागच्या दारानं सरळ खड्ड्याकडे गेलो. कुलूप काढलं. झाकणाखाली मातीनं पाइपला सोडलं होतं, दोन्हींच्या मधे बोटभर फट.

विजेचे इन्स्पेक्टर चौकशीला येणार हे कळलं तेव्हा दोन दिवस मी त्या खड्ड्यात विहिरीचं पाणी ओतत होतो. तीन उन्हाळ्यांत टाकलं नसेल इतकं. वरून मीठ. इन्स्पेक्टरांनी मीटर लावलं, अर्थिंग उत्तम दाखवलं. त्यांनी विचारलं, अर्थिंग इतकं चांगलं आहे तर फ्यूज का नाही उडाला? मी म्हटलं, साहेब, इथे फ्यूज उडायला व्होल्टेज कधी पुरं असतं? बिचारा व्होल्टेजला कावलेलाच माणूस, त्यानं मान हलवली. तक्ता पाहिला. सगळ्या खुणा जागच्या जागी होत्या.

मोठ्या डॉक्टरांनी माझा लेखी जबाब घेतला. म्हणाले, एवढंच लिही, बाईचे हात ओले होते की नव्हते. मी लिहिलं, ओले होते. त्यात खोटं काही नव्हतं. पाणी भरणाऱ्या बाईचे हात ओलेच असतात.

रोजंदारीवरच्या लोकांना कायम करायची यादी त्या वर्षी निघायची होती आणि तिचं नाव तीत पहिलं होतं. अहवालात 'निष्काळजीपणा' हा शब्द आला आणि नाव गेलं. तिची दोन बोटं वाकडी राहिली ती राहिलीच. माझी नोकरी त्याच पावसाळ्यात कायम झाली.

त्यानंतर मी कधीही पाणी चुकवलं नाही. नवीन वायरमनांना अर्थिंगवर व्याख्यानं झोडायचो, ते पाठीमागे नकला करायचे. बारा वर्षांनी, नोकरीला पंधरा वर्षं झाली म्हणून, दवाखान्यात एका छोट्या कार्यक्रमात मला शाल-नारळ दिलं. तोवर मोठे डॉक्टर बदलले होते. नवे म्हणाले, यांच्या कारकिर्दीत एका सफाईवाल्या बाईच्या चुकीनं झालेला एक अपघात सोडला तर काही घडलं नाही. मी नारळ हातात धरून उभा होतो.

पुढच्या रविवारी हिंगणीला मावशीच्या घरी गेलो. ती ओट्यावर डाव्या हातानं लसूण सोलत बसली होती. मी उभ्या उभ्याच सगळं सांगून टाकलं. तिनं मधे एकदाही वर पाहिलं नाही.

"म्हंजे खड्डा कोरडा होता?"

"हो."

"अन् मी मुंग्या येते म्हटलं, तवा तुम्हाले समजलं होतं?"

या प्रश्नाची मी तयारी केली नव्हती. हो म्हटलं.

"घरात कायी सांडलं, कायी जळलं, का सून आजबी म्हणते, बुढीचं ध्यानच नसते, म्हणून तं शॉक लागला. नवरा मरेपर्यंत हेच बोलला. मले काऊन सांगून राह्यले भाऊ? माह्यं ध्यान होतं हे मले मालूमच हाय. कागदावर लेहा. तवा लेहलं तसं."

लिहितो म्हणालो आणि आलो. मग दीड वर्ष लिहिलं नाही. आधी बढती व्हायची होती, मग मुलीचं लग्न, मग नुसताच पाऊस. माझा मलाच वीट आला, तेव्हा एका बैठकीत लिहून काढलं. अर्धं पानही झालं नाही. दोन प्रती केल्या. एक ऑफिसात नेली. कारकुनानं ती उलटून पालटून पाहिली आणि म्हणाला, रोजंदारीवरच्या बाईची फाइल नसते, हे लावू कुठे? साहेबांनी विचारलं, आता जुनं कशाला उकरता? मी म्हटलं, लावायचं तिथे लावा, पण शिक्का मारा. शिक्का पडेपर्यंत टेबलासमोरून हललो नाही. आता माझ्यावर काय कारवाई व्हायची ती होईल.

दुसरी प्रत हिंगणीला नेली. तिच्या मुलानं ओट्यावर बसून मोठ्यानं वाचायला घेतली. सून दारात उभी होती. खड्ड्यात पाणी मी टाकलं नाही, टाकणारीला मी हाकललं, कुलूप मी लावलं, तिनं आधी सांगूनही मी कुलर बंद केला नाही. मुलगा 'अर्थिंग' शब्दाशी अडला.

"खड्डा होता एक," ती म्हणाली. "वाच पुढं."

सहीपर्यंत वाचून झालं. तिनं कागद हातात घेतला, सुनेकडे पाहिलं, आणि मुलाला परत देऊन पुन्हा पहिल्यापासून वाचायला सांगितलं. तो वाचायला लागल्यावर मी तिथे आहे हे जणू तिला आठवलं.

"तुम्ही जा आता भाऊ," ती म्हणाली. "पाचची बस निघून जाईन."