नकाशात नसलेलं झाड

माझं बालपण ऊर्जानगरला, वीजकेंद्राच्या क्वार्टरमध्ये गेलं. शाळेच्या नकाशात शेजारचा गडचिरोली जिल्हा म्हणजे नुसता हिरवा रंग. लग्न होऊन त्या हिरव्या रंगात राहायला आले तेव्हा कळलं, की इथे मोहाचं जवळजवळ प्रत्येक झाड कोणाचं ना कोणाचं असतं. झाड जंगलातलं, पण त्याखाली झाडून फुलं वेचायची ती एकाच घरानं. दुसरं कोणी हात लावत नाही.

सासूबाईंचं झाड नाल्यापलीकडे, त्यांच्या माहेरच्या जंगलात आहे. लग्नात वडिलांनी ते त्यांना दिलं. उन्हाळ्यात त्या नाल्यात घोटाही बुडत नाही.

मध्यंतरी दोन्ही गावांच्या वनहक्कांचे नकाशे झाले. नाला हीच हद्द ठरली. आमचा नकाशा ग्रामसभेच्या कार्यालयाच्या भिंतीवर लागला आणि खरं सांगते, मला तो फार आवडला. नाल्याची निळी रेघ अशी ठसठशीत, की बघणाऱ्याला वाटावं, पलीकडे जायला होडी लागते.

मोह पडायला लागला तशा सासूबाई टोपली घेऊन गेल्या आणि रिकामी टोपली घेऊन परतल्या. त्यांच्या भाच्याच्या नव्या बायकोनं अडवलं होतं. "आत्याबाई, हे झाड आता आमच्या हद्दीत येते. नकाशात तसंच हाये." पोरगी उद्धट नाही. बाहेरून आलेली, शिकलेली, आणि नकाशावर तिचा माझ्यासारखाच विश्वास.

सासूबाई मला भिंतीपाशी घेऊन गेल्या.

"माह्यं झाड दाखव."

मी निळ्या रेघेपलीकडे बोट ठेवलं. तिथे आमची हद्द संपत होती, म्हणून कागद कोरा होता.

"इथी तर जंगलच नाई," त्या म्हणाल्या.

मला राग आला आणि तो कोणावर काढावा कळेना. माप बरोबर, हद्द बरोबर, आणि घरात म्हातारी दोन दिवस धड जेवली नाही.

तिसऱ्या दिवशी मी दोन्ही गावांच्या बायकांना त्याच झाडाखाली बोलावलं. मोठा कागद अंथरला, रंग ठेवले. म्हटलं, जिचं झाड तिनं काढावं. मग काय विचारता! जास्त फुलं देणारं झाड तळ्याएवढं झालं. एकीनं अस्वल येतं तेही काढलं. प्रमाणाचे तीनतेरा वाजले.

"हे कोणाचं?" भाच्याच्या बायकोनं आम्ही बसलो होतो त्या झाडाबद्दल विचारलं.

"आत्याचंच, कवापासून," तिच्याच गावच्या बायका म्हणाल्या. तिनं रंग उचलला आणि ते झाड स्वतः काढलं.

कागद भरला. भूगोल शिकलेली मी, सवयीनं तपासायला बसले. नाला काढायचाच राहिला होता आणि आता त्याला कुठे जागाही नव्हती. मी ते सगळ्यांना सांगितलं.

कोणी लक्ष दिलं नाही. सासूबाई उठून झाडाखाली झाडायला लागल्या होत्या, आणि ती पोरगी त्यांच्यासाठी टोपली धरून उभी होती.