वन्सं, हातगाडी आणि फ्लॉवर

मुलांनो, माझ्या घरी फ्लॉवरची भाजी का होत नाही, हे फोनवर सांगण्यासारखं नाही, म्हणून लिहिते. (मुद्देसूद लिहिते. ही सवय किती नडली, तेही यातच येईल.)

तुमच्या आजोबांची थोरली बहीण, आमच्या वन्सं, लहानपणीच्या पोलिओमुळे कधी चालल्या नाहीत. पन्नाशी उलटली तरी त्यांनी एकदाही मत दिलं नव्हतं, कारण मतदान केंद्र दरवेळी शाळेच्या वरच्या मजल्यावर! दोन हजार सालानंतरच्या एका निवडणुकीत ते एकदाचं तळमजल्यावर आलं, आणि नेमकं त्याच सकाळी व्हीलचेअरचं चाक निखळलं.

एका उमेदवाराची जीप दारात येऊन उभी राहिली.

"मुळीच नाही!" मी म्हणाले. "त्यांच्या जीपमधून जायचं आणि मत दुसऱ्याला द्यायचं?"

"अगं सुमती, जीप फुकट आहे. मत कुठे फुकट देतेय मी?" वन्सं म्हणाल्या.

पण तत्त्व म्हणजे तत्त्व! जीप परत गेली. मग रिक्षा मिळेना. चार वाजून गेल्यावर मी गंगापूर रोडवर भाजी विकणाऱ्या नामदेवभाऊंची हातगाडी थांबवली.

"बसा की आक्का. माल हाय थोडा, टेकायला लय बरा!"

वन्सं फ्लॉवरच्या ढिगाला लोडाला टेकावं तशा टेकल्या. मी शेजारून छत्री धरून चालले. वरात निघाली!

शाळेच्या फाटकावर हवालदार आडवे आले.

"ओ बाई, प्रचार बंद झालाय!"

"कसला प्रचार? आम्ही मतदार आहोत!"

"मग हे काय?" त्यांनी फ्लॉवरकडे काठी रोखली.

एका अपक्षाची निशाणीच फ्लॉवर होती! (मी फक्त महत्त्वाच्या उमेदवारांचा अभ्यास केला होता.)

"आधी माल उतरवा."

ठेवायचा कुठे? मी शिस्तीत रांगेतल्या एकेकाच्या हातात एकेक गड्डा दिला. "जरा धरता का?"

"वाटप चाललंय, वाटप!" कुठल्याशा पक्षाचा कार्यकर्ता ओरडला. ते ऐकून मागच्या बाई धावत पुढे आल्या. "आम्हाला नाही मिळाला!"

हवालदारांनी कपाळाला हात लावला. "बाई, काय झालं ते दोन ओळींत लिहून द्या आणि सुटा."

दोन ओळींत? मी परिच्छेद पाडले. एक खाडाखोड झाली, म्हणून सगळं पुन्हा स्वच्छ उतरवलं.

तेवढ्यात रांगेतल्या चौघांनी वर्गातली खुर्ची आणून वन्संना उचलून आत नेलं. कोणीतरी म्हणालं, "तुमच्याबरोबरच्यांनी बटण दाबलं तरी चालेल."

वन्संचा आवाज फाटकापर्यंत आला. "पाय गेलेत माझे, बोट नाही!"

मी सही करून मान वर केली, तर फाटक बंद.

"पाच वाजले, बाई."

वन्सं त्याच खुर्चीतून राणीसारख्या बाहेर आल्या आणि शाईचं बोट माझ्या नाकासमोर धरलं. "सुमती, तुझं दाखव बघू!"

लोकांनी गड्डे प्रामाणिकपणे परत केले. दहा जणांचे हात लागलेला माल मलाच विकत घ्यावा लागला. आठवडाभर फ्लॉवर, आणि दर जेवणाला ताटावर नाचणारं ते बोट!

वन्सं आता नाहीत. हवालदारांना दिलेल्या जबाबाची कच्ची प्रत माझ्या कपाटात आहे. खाडाखोड एकच आहे.