गणपतीच्या आराशीची वायर

मंदे, हे पत्र जरा निवांत बसून वाच, आधी रागावून घेते. फोनवर नुसतं "बरी आहे" म्हणून ठेवून देतेस, ही काय रीत झाली?

आज सांडग्यांची डाळ वाटायला मिक्सर गच्चीवर नेला. तिथं प्लग नाही, म्हणून गणपतीच्या आराशीची बारीक वायर होती ना, तिचे दोन तुकडे जोडून खालून वर ओढली. मिक्सर धड फिरेना, नुसता कण्हायला लागला. शेजारच्या सिंधूताई म्हणाल्या, "अहो, उपाशी ठेवलाय का त्याला?" वायरला हात लावला तर गरम. तोच मिक्सर खाली स्वयंपाकघरात थेट लावला, तर डाळ लोण्यासारखी झाली.

मग सांडगे घालता घालता विचार करत बसले. तांबं सगळीकडे सारखंच, पण वायर जितकी लांब आणि बारीक, तितका विजेला अडथळा जास्त. बराचसा जोर वाटेतच वायर तापवण्यात जातो. जाड आणि आखूड वायरीतून वीज सुखाने पोचते. आराशीच्या दिव्यांना बारीक वायर पुरायची, कारण दिवे मागतात ते किती थोडं.

माणसांचंही असंच असेल का गं? ख्यालीखुशालीला फोन पुरतो. पण परवाच्या तुझ्या "बरी आहे"मध्ये काहीतरी जड होतं, ते माझ्यापर्यंत अर्धंच आलं. तेव्हापासून माझा जीव थाऱ्यावर नाही.

जावईबापूंना रजा नसली तर एकटी ये, पण लवकर ये. मी काही विचारणार नाही. गच्चीवर माझ्याशेजारी बस, वाटलं तर बोल, नाहीतर नुसते सांडगे उलटत बस.